पहिला कौल

शागदोच्या सभेत पालमो आमा-ले "आम्हाला नको" म्हणाली, तेव्हा शाल्मली नाईकवडी मागच्या रांगेत बसून गालातल्या गालात हसत होती. पुढे त्या हसण्याची तिला फार लाज वाटली, पण त्या दिवशी प्रसंगच तसा होता. टेबलावर 'कौल' नावाचं यंत्र, यंत्राशेजारी पुण्याहून आलेले डॉ. जयवंत केसकर, आणि त्यांच्या मागे गावाला जगवू शकणाऱ्या योजनेचा नकाशा. केसकरांनी विचारलं, भिंत हवी का? आणि ज्या गावात गेली तीन वर्षं मे महिन्यात जवाची पेरणी झाली नव्हती, त्या गावाची गोबा, म्हणजे गावची मुख्य, हात जोडून म्हणाली, "आम्हाला नको. खालच्या त्सेरमांगला द्या. त्यांच्याकडे पोरंबाळं जास्त. आमचं भागतंय."

कसलं डोंबलाचं भागत होतं! एक्केचाळीस घरांपैकी अकरा घरांना कुलपं लागली होती. उरलेल्या घरांतली माणसं मे महिन्यात आभाळाकडे नाही, तर वरच्या हिमनदीकडे डोळे लावून बसायची. पण लडाखच्या या लुंगमार खोऱ्यात कुणी काही देऊ केलं की पहिल्या झटक्यात घ्यायचं नसतं, मग तो चहा असो की मुलीसाठी चालून आलेलं स्थळ. पाहुणा नको म्हणतो, घरधनीण आग्रह करते, पाहुणा कपावर हात ठेवतो, ती पुन्हा आग्रह करते, आणि चौथ्या खेपेला कप पुढे येतो. पहिल्यांदाच हो म्हणणारा माणूस हावरट ठरतो. आणि पहिल्या नकोवर थांबणारी घरधनीण त्याहून वाईट, कारण त्याचा अर्थ तिला पाहुणा नकोच होता.

ही रीत शाल्मलीला शिकवली होती खुद्द केसकरांनीच. आठ वर्षांपूर्वी त्यांच्या हाताखाली संशोधनाला आलेली तासगावची ही पोरगी पहिल्यांदा पालमोच्या स्वयंपाकघरात शिरली, आणि पालमोने लोणी घातलेला खारट चहा विचारताच "हो, द्या की" म्हणून मोकळी झाली. घरातल्या बायका तोंडावर हात ठेवून हसल्या. केसकरांनी तिच्या कानाशी येऊन सांगितलं, "अगं, लग्नाच्या पंगतीत जिलबी आली की तू पहिल्यांदाच ताट पुढे करतेस का? तसंच इथे. तीनदा नको म्हणायचं, मग घ्यायचं." त्यानंतर ते स्वतः तीनदा नको म्हणाले आणि चार कप प्याले.

सर म्हणजे तिला वडलांच्या जागी होते, आणि हे नुसतं म्हणण्यापुरतं नव्हतं. तिच्या पहिल्याच हिवाळ्यात तिचे वडील गेले. विमानं बंद, खिंडी बंद, ती बर्फात अडकलेली. तेव्हा केसकर पुण्याहून तासगावला गेले आणि तिच्या वतीने स्मशानात उभे राहिले. हे ऋण तिने कधी बोलून दाखवलं नाही, पण सरांचा शब्द तिने कधी तपासून पाहिला नाही तो यामुळेच.

आता ही भिंत म्हणजे काय, ते सांगायला हवं. शागदोचं दुखणं पाण्याच्या तुटवड्याचं नव्हतं, वेळेचं होतं. हिमनदी हटत हटत इतकी वर गेली होती की ती जून सरता सरता वितळायची, आणि जव पेरायचा असतो मेच्या सुरुवातीला. वितळलेलं पाणी पुढे दरीतल्या वाळूगोट्यांत मुरायचं आणि हिवाळाभर जमिनीखालून गुपचूप खाली निघून जायचं. ते पाणी जमिनीखालीच अडवून ठेवलं आणि मेमध्ये सोडलं, तर गाव जगणार होतं.

अडवायचं कशाने, तर थंडीने. उत्तर ध्रुवाकडच्या वस्त्यांमध्ये घरांखालची गोठलेली जमीन वितळून घरं कलू नयेत म्हणून एक साधी नळी पुरायची पद्धत जुनीच आहे. पोलादी नळी, अर्धी जमिनीत, अर्धी हवेत, आत दाबाखाली भरलेला कार्बन डायऑक्साइड. हिवाळ्यात तळाशी असलेला द्रव जमिनीची ऊब घेऊन उकळतो, त्याची वाफ वर चढते, वरच्या कडाक्याच्या थंडीत तिचा पुन्हा द्रव होतो आणि तो ओघळत खाली येतो. ना मोटर, ना वीज. उन्हाळ्यात वरचं टोक गरम झालं की हे चक्र आपोआप थांबतं. म्हणजे जमिनीतली ऊब बाहेर जाते, पण बाहेरची ऊब आत येत नाही. केसकरांच्या गटाने अशा नळ्या दरीच्या या काठापासून त्या काठापर्यंत ओळीने पुरायचं ठरवलं. एका हिवाळ्यात दोन नळ्यांमधली ओली माती दगडासारखी गोठते आणि जमिनीखाली एक धरण उभं राहतं. नळ्या तेवढ्या नोव्हेंबरच्या मध्याआधी पुरायला हव्यात, कारण त्यानंतर वरची जमीन इतकी कडक होते की गिरमिट चालत नाही.

आणि कौल? त्याची गोष्ट वेगळी आहे. पूर्वी एका डोंगरी मुलखात अधिकाऱ्यांनी एका गावाला अकरा वेळा एकच प्रश्न विचारला होता. बाराव्या खेपेला माणसं कंटाळून हो म्हणाली, आणि त्या होच्या जोरावर त्यांची घरं उठवली गेली. त्या गावाच्या बाजूने केसकर हिरिरीने उभे राहिले. त्यांच्याच खटपटीने कायदा झाला: विचारायचं एकदाच, पहिलं उत्तर खरं, त्यानंतरचं प्रत्येक उत्तर दबावाखालचं समजायचं. या पहिल्या उत्तराची पारख करायला केसकरांनी कौल बांधला. माणूस शब्दाआधी किती थांबतो, श्वास कुठे तुटतो, गळा कधी आवळतो, हे सगळं मोजून यंत्र सांगायचं की हे हो किंवा नाही मनापासूनचं आहे की नाही.

लुंगमारसारख्या खोऱ्यात या कायद्याची पंचाईत होती, आणि तिच्यावर उपाय शाल्मलीने काढला होता. आठ वर्षं ती घराघरांत बसून माणसांचे नकार टिपत राहिली. चहाला नको, बिछान्याला नको, जर्दाळूच्या परडीला नको. घरच्यांना विचारून, त्यांच्यासमोर, टेपवर. असे दोन हजार सहाशे नको तिने जमवले. त्यांवरून यंत्राला रीतीचा नकार आणि खरा नकार यांतला फरक कळायला लागला. या सोयीला सगळे 'आग्रह-दुरुस्ती' म्हणत. नकार रीतीचा आहे असं यंत्राला आढळलं, तर ते उत्तर धरायचंच नाही, केसकरांच्या विचारणा समितीने गावात पुन्हा जायचं. खोऱ्यातल्या बाकीच्या सहा गावांत हे अगदी सुरळीत पार पडलं होतं.

म्हणून सभेच्या आदल्या दिवशी पालमोने तिला गाठून विचारलं होतं, "बोमो, उद्या सरळ हो म्हणू का? लाज वाटेल, पण म्हणेन. गावाचा प्रश्न आहे." बोमो म्हणजे मुलगी; आमा म्हणजे आई, आणि 'ले' आदराचं. पालमो तिला दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारतच नसे.

आणि शाल्मली अगदी खात्रीने म्हणाली होती, "काही गरज नाही, आमा-ले. त्सेरमांगचे लोकही बसलेले असतील, त्यांच्यासमोर तुमच्या रीतीनेच बोला. यंत्राला मी शिकवलंय."

सभा संपल्यावर सगळे हसतखेळत पांगले. दुसऱ्या सभेसाठी गावाने जव भाजून पीठ दळून ठेवलं, सभेची खोली पुन्हा सारवली. शाल्मली निकालाची वाट बघत लेहच्या ऑफिसात येऊन बसली.

चौथ्या दिवशी निकाल आला. शागदोच्या नावापुढे लिहिलं होतं: नकार. निश्चिती एक्क्याण्णव टक्के. पहिला कौल नोंदवला, पुन्हा विचारणा नाही. त्याखालच्या ओळीत त्सेरमांगला भिंत मंजूर झाली होती, आणि त्याच्याही खाली, बारीक अक्षरात, शागदोचं नाव स्थलांतराच्या यादीत टाकलं होतं.

तिला आधी वाटलं, काहीतरी चूक झाली. तिने सभेचं ध्वनिमुद्रण काढून स्वतःच्या टॅबलेटवर पुन्हा यंत्रातून घातलं. निश्चिती आली सात टक्के. नकार रीतीचा, पुन्हा विचारा, असा शेराही आला. मग तिने ऑफिसातल्या यंत्राच्या नोंदी उघडल्या. सहा गावांसमोर दुरुस्ती चालू होती, शागदोसमोर बंद. बंद करणाऱ्याची सही केसकरांची होती आणि तारीख सभेच्या दोन दिवस आधीची.

केसकर ऑफिसच्या मागच्या अंगणात ऊन खात बसले होते. मांडीवर जर्दाळूंची बशी होती. तिला बघून त्यांनी ती पुढे केली.

"सर, शागदोला दुरुस्ती लावायची राहून गेली," ती म्हणाली. अजूनही तिला सुटायला वाट द्यायची होती, त्यांना आणि स्वतःलाही.

"राहून नाही गेली. मी काढली," केसकर म्हणाले.

मग त्यांनी शांतपणे, वर्गात शिकवावं तसं, सगळं सांगितलं. ऑगस्टमध्ये त्यांनी दरीत ध्वनिलहरी सोडून जमिनीचा तळ तपासला होता. आधी वाटत होतं की दोन गावांखालचे वाळूगोट्यांचे थर वेगवेगळे आहेत. ते एकच निघाले. वर शागदोला भिंत घातली तर खाली त्सेरमांगला थेंब उरणार नाही. म्हणजे भिंत एकच होणार. त्सेरमांगमध्ये नऊशे माणसं, शाळा, दवाखाना. शागदोत दीडशेही नाहीत. आकडे मी केले नाहीत, ते म्हणाले, डोंगराने केले.

"मग हे त्यांना सांगायचं होतं."

"आणि दोन गावांत डोकी फोडायला लावायची? समितीने निवडलं असतं तर शागदो दहा वर्षं कोर्टात गेलं असतं, आणि तोवर दोन्ही गावं सुकली असती. कुणीतरी नाही म्हणणं भाग होतं, शाल्मली. ते आपण होऊन म्हणाले. मी त्यांच्या तोंडात शब्द घातला नाही."

"ते नको म्हणणार हे तुम्हाला माहीत होतं."

"तुलाही माहीत होतं."

 ती अंगणाच्या पायरीवर बसली. माझ्या आठ वर्षांच्या कामातून यांनी नेमकी ही एक गोष्ट उचलली, तिला वाटलं. दोन हजार सहाशे नको घरोघर जाऊन मी गोळा केले ते या माणसांचं ऐकू यावं म्हणून, आणि यांनी ऐकायचं कुठे नाही ते त्यावरून ठरवलं. तिला त्यांचा राग आला, पण रागापेक्षा जास्त असं वाटलं की कुणीतरी तिच्या घरात तिच्याच किल्लीने शिरून गेलंय. आणि किल्ली तिने स्वतः दिली होती. तुमच्या रीतीनेच बोला, यंत्राला मी शिकवलंय.

केसकर मऊ आवाजात म्हणाले की शागदोच्या लोकांना वाऱ्यावर सोडणार नाही. स्थलांतराच्या कामाची प्रमुख तिलाच करायचं त्यांच्या मनात होतं, कारण तिच्यावर त्या लोकांचा विश्वास आहे. हे ते अगदी मनापासून म्हणाले, हेच तिला सगळ्यात असह्य झालं.

एक गोष्ट मात्र अजून व्हायची होती. कायद्यात एक कलम होतं, तेही केसकरांनीच आग्रहाने घालून घेतलेलं. खोऱ्यात राहून काम करणाऱ्या शास्त्रज्ञाने समितीपुढे स्वतःच्या आवाजात साक्ष द्यायची, की विचारणा तिथल्या लोकांच्या रीतीला धरून झाली. ती साक्ष कौलच नोंदवून घेणार, आणि तिच्याशिवाय कुठल्याच गावाची मंजुरी पक्की होणार नाही. साक्ष दुसऱ्या दिवशी अकरा वाजता होती. ती नाही म्हणाली तर, थर एकच असल्याने, शागदो आणि त्सेरमांग दोन्ही गावांची विचारणा रद्द. नवी विचारणा पुढच्या शरदात. तोवर नळ्या गोदामात पडून, आणि त्सेरमांगच्या नऊशे माणसांचाही आणखी एक पेरा हुकणार.

त्या संध्याकाळी शाल्मली लेहच्या बाजारातून नुसतीच चालत राहिली. त्सेरमांगमध्येही तिची माणसं होती. तिथल्या शाळेतल्या बाईंनी तिला लडाखी लिहायला शिकवलं होतं. त्यांची शेतं वर्षभर कोरडी ठेवायचा अधिकार मला कुणी दिला, असं तिने स्वतःला पुन्हा पुन्हा विचारलं.  एवढंच कळत होतं की हो म्हटलं तर ते खोटं असेल, आणि त्या खोट्यावर उभी राहिलेली भिंत ती रोज बघणार असेल.

सकाळी समितीच्या खोलीत पाच जण होते. केसकर मध्यभागी बसले होते. कौलचा छोटा पडदा तिच्याकडे वळवून त्यांनी नेहमीच्या प्रेमळ आवाजात विचारलं, "शाल्मली नाईकवडी, शागदोची विचारणा तिथल्या लोकांच्या रीतीला धरून झाली का?"

"नाही," ती म्हणाली.

 केसकरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"घाई करू नकोस. नऊशे माणसांचा विचार कर. मी पुन्हा विचारतो."

पण पडद्यावर अक्षरं उमटली होती: नकार. निश्चिती अठ्ठ्याण्णव टक्के. पहिला कौल नोंदवला, पुन्हा विचारणा नाही. केसकरांनी ती ओळ दोनदा वाचली. त्या ओळीतला शब्द न् शब्द त्यांनीच ठरवला होता. ते उठून खिडकीशी गेले आणि तिच्याकडे पाठ करून म्हणाले, "तुझ्याकडून मला ही अपेक्षा नव्हती."

"मलाही तुमच्याकडून नव्हती, सर," ती म्हणाली आणि बाहेर पडली. तासगावच्या स्मशानात तिच्या वतीने उभा राहिलेला माणूस तिला खिडकीतून दिसत होता. ती जीपमध्ये बसली आणि रडली.

दुपारी ती शागदोला पोचली. सभेच्या खोलीचं दार उघडं होतं, आत चटया ओळीने अंथरलेल्या. दुसऱ्यांदा विचारायला माणसं येणार म्हणून गाव पाच दिवस तयारीत होतं. पालमो आपल्या स्वयंपाकघरात खिडकीपाशी बसली होती. शाल्मली समोरच्या गालिच्यावर बसली आणि तिने काहीही न गाळता सगळं सांगितलं: जमिनीखालचा एकच थर, बंद केलेली दुरुस्ती, सरांची सही, स्थलांतराची यादी, रद्द झालेली विचारणा, आणि वाया जाणारं एक वर्ष. तिने दिलेला सल्ला चुकला होता, हेही सांगितलं.

 सगळं ऐकून झाल्यावर पालमो म्हणाली, "एकच भिंत होते, हे तुमच्या साहेबाला ऑगस्टपासून ठाऊक होतं?"

"हो."

"आम्ही आणि त्सेरमांग दर उन्हाळ्याला पाण्याच्या पाळ्या लावतो. माझ्या पणज्याच्या आधीपासून. एकच भिंत आहे असं सांगितलं असतं, तर दोन्ही गावं बसली असती. कदाचित आम्हीच खाली गेलो असतो, त्यांच्या भिंतीपाशी. कदाचित त्यांनी आम्हाला शेतं दिली असती. ते आमचं आम्ही ठरवलं असतं." तिने खिडकीतून खाली त्सेरमांगच्या दिशेने हात केला. "आता त्सेरमांगला वाटेल, वरच्यांनी आमची भिंत अडवली. आणि आमच्या घरांत विचारतील, आमा-ले, सरळ हो का नाही म्हणालीस? मी काय सांगू? तू सांगितलंस म्हणून?"

शाल्मलीने क्षमा मागितली. लडाखीत मागितली, शब्द अपुरे वाटले म्हणून मराठीतही मागितली. पालमोने मान हलवली, पण ती कशासाठी हे कळलं नाही. पुढल्या वर्षी नीट विचारू, मी स्वतः दोन्ही गावांना एकत्र बसवीन, असं शाल्मली सांगत राहिली. पालमो खिडकीबाहेर कुलूप लावलेल्या घरांकडे बघत होती.

मग ती उठली. चुलीशेजारच्या फडताळातून तिने एक कप काढला, बैठ्या टेबलावर शाल्मलीपुढे ठेवला, आणि चहाचा थर्मास हातात घेतला.

"मॅडम-ले," ती म्हणाली, "चहा?"

आठ वर्षांत पहिल्यांदाच तिने बोमो म्हटलं नव्हतं.  पहाटेपासून शाल्मलीच्या पोटात काही नव्हतं आणि हात थंडीने गारठले होते. पण अंगात मुरलेली रीत होती, हात आपसूक कपावर गेला.

"नको, आमा-ले," ती म्हणाली, आणि दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत राहिली.

पालमोने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग थर्मासचं झाकण फिरवून घट्ट बसवलं, तिच्या हाताखालून कप काढून घेतला आणि तो फडताळात जिथल्या तिथे ठेवून दिला.